ओढून आणलेल्या गाड्यांचं यार्ड

आज वाघोलीजवळच्या एका यार्डात जाऊन आलो. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या, उद्या लिलाव. माझा डोळा एका पांढऱ्या स्विफ्टवर. फोटोत नवरीसारखी, प्रत्यक्षात चारही टायर बसलेले, बॅटरी गायब. चालवून बघायला मिळत नाहीच, आहे तशी घ्यायची.

मिस्त्रीकाका सोबत होते म्हणून वाचलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी मॅट उचललं, मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. खालच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट गाळ! "पाण्यात बसलीय ही. सोड."

तरी मी (जात्याच हावरा) मोबाईलवर वाहतूक दंडाची चलनं पाहिली. ११ बाकी. आरसीवर (नोंदणीपत्रावर) कर्जाचा बोजा तसाच, तो उतरवायला फायनान्सवाल्यांची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा संपल्याचा आरटीओचा अर्ज) लागतो, तो कधी मिळेल विचारलं तर उत्तर, "लिलाव होऊ द्या, बघू." सगळा खर्च धरला तर आकडा थेट बाजारभावालाच टेकत होता. अनामत न भरता परत.

डॅशबोर्डवर छोटा गणपती होता. मागच्या सीटखाली कुणाच्या तरी लेकराची एकच चप्पल. गाडीपेक्षा तीच डोळ्यांसमोर येतेय.