तुम्ही विचारलंत म्हणून: वितरणाची मानकं सारखी का बदलतात?

"तारा त्याच, खांब तेच, वीजही तीच. मग वितरणाची तांत्रिक मानकं दर काही वर्षांनी का बदलता?" मी वीज वितरणाच्या मानकांवर काम करतो असं सांगितलं की हा प्रश्न येतोच. त्यामागे बहुतेकदा एक शंकाही असते: नवं मानक म्हणजे नवी खरेदी, आणि खरेदी म्हणजे कुणाचा तरी धंदा. शंका रास्त आहे. तिच्याकडे मी येणार आहे, पण आधी मूळ प्रश्न.

लोक वीज कशी वापरतील याचा कुणीतरी कधीतरी अंदाज बांधला आणि त्यातून मानकातले बरेचसे आकडे आले. काळ बदलला की अंदाज फसतो. आकडा मात्र पुस्तकात तसाच राहतो आणि त्याच्या भरवशावर केबल पुरल्या जातात.

न्यूट्रलच्या तारेचंच बघा. वीज तीन तारांतून येते, त्यांना फेज म्हणतात, आणि न्यूट्रल ही परतीची सामाईक तार. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. साधे बल्ब, हीटर आणि मोटरी यांच्या काळात हे गृहीत धरायला हरकत नव्हती, म्हणून कित्येक ठिकाणी न्यूट्रल फेजपेक्षा बारीक ठेवली गेली. मग संगणक, चार्जर, एलईडी दिवे आले. या उपकरणांचा प्रवाह सलग लहरीसारखा येत नाही, लहरीच्या माथ्यावर झटक्यासारखा ओढला जातो. त्यातून तिसरी हार्मोनिक तयार होते, म्हणजे 50 हर्ट्झच्या जाळ्यात 150 हर्ट्झचा प्रवाह. तिन्ही फेजमधल्या तिसऱ्या हार्मोनिक एकमेकींना खोडत नाहीत, न्यूट्रलमध्ये येऊन त्यांची बेरीज होते. लोड अगदी समतोल असूनही न्यूट्रल फेजपेक्षा जास्त तापू शकते. तिच्यावर सहसा फ्यूज नसतो, त्यामुळे ती तापतेय हे कुणाला कळतही नाही. इथे नियमाप्रमाणे काम करणाऱ्याकडूनच धोका तयार होतो, कारण नियम ज्या उपकरणांसाठी लिहिला होता ती आता उरलेली नाहीत.

ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. संध्याकाळी लोड चढतो, रात्री उतरतो आणि तेवढ्या वेळात ट्रान्सफॉर्मर निवतो, या हिशेबावर त्याला काही तास क्षमतेपेक्षा जास्त लोड देता येतो. आतल्या साध्या कागदी इन्सुलेशनसाठी सर्वांत तापलेल्या जागी 98 अंश सेल्सिअस हे प्रमाण धरतात. त्याच्या वर साधारण दर 6 अंशांना इन्सुलेशन दुप्पट वेगाने जुनं होतं. आता एका गल्लीतल्या सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या रात्री चार्जिंगला लागल्या, तर ती निवण्याची वेळच जाते. सगळी घरं एकाच वेळी पूर्ण लोड घेत नाहीत, हे वितरणाच्या आखणीतलं सर्वांत जुनं गृहीतक. दर स्वस्त होतो त्या मिनिटाला सगळे चार्जर आपोआप सुरू झाले तर तेही कोसळतं.

पण मानकाचं वजन किती असतं हे मला सर्वांत जास्त 50.2 हर्ट्झच्या प्रकरणातून जाणवतं. जर्मनीत घरांवर सोलर बसायला लागलं तेव्हा लो व्होल्टेजवरच्या इन्व्हर्टरना (सोलरची वीज जाळ्याला जुळेल अशी करणारी यंत्रं) नियम होता की वारंवारता, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा, एरवीच्या 50 वरून 50.2 हर्ट्झच्या वर गेली की लगेच जाळ्यापासून तुटायचं. सोलर थोडं होतं तोवर हा नियम शहाणपणाचा होता: काही गडबड दिसली की छोट्या जनित्रांनी बाजूला व्हावं आणि जाळं मोठ्या केंद्रांनी सांभाळावं. पुढे सोलर कित्येक गिगावॅट झालं. ते सगळं एकाच क्षणी तुटलं असतं तर तेवढी घट भरून काढायला खंडातल्या जोडलेल्या जाळ्याची तातडीची राखीव क्षमता होती 3,000 मेगावॅट. म्हणजे कुणीही नियम मोडला नसता आणि तरीही अंधार झाला असता. शेवटी 2012 मध्ये खास नियमावली काढून लाखो जुन्या सोलर संचांची सेटिंग बदलायला घ्यावी लागली. नव्या नियमात झटक्यात तुटणं गेलं. 50.2 च्या वर वारंवारता जसजशी चढेल तसतसं उत्पादन उतरवायचं, असं ठरलं. इन्व्हर्टरच्या प्रोग्राममध्ये तो थोडासा बदल होता, पण मागाहून करायचा म्हणजे छपरोछपरी माणूस पाठवणं आलं.

ब्रिटनमध्ये 9 ऑगस्ट 2019 ला आकाशातली वीज वाहिनीवर कोसळल्यावर दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले. त्या दिवशीही वितरण जाळ्यावरची बरीच छोटी जनित्रं आपल्याच संरक्षण रिलेमुळे (गडबड दिसताच आपोआप जोड तोडणारं उपकरण) तुटली आणि तूट वाढली. वारंवारता सेकंदाला 0.125 हर्ट्झने बदलली तरी तुटायचं, अशी तिथली जुनी सेटिंग होती. ती 1 हर्ट्झपर्यंत नेण्याचं काम तेव्हा सुरू झालेलं होतं, पूर्ण झालेलं नव्हतं. अमेरिकेत आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1547 या मानकाने 2003 मध्ये छोट्या जनित्रांना व्होल्टेज सांभाळायला मनाई केली होती. 2018 च्या आवृत्तीत ती क्षमता असणं बंधनकारक झालं. पंधरा वर्षांत मनाईची सक्ती झाली, आणि माझ्या मते दोन्ही वेळा समितीचं बरोबर होतं.

आता खरेदीच्या शंकेकडे. प्रत्येक बदलाला नवं सामान लागतं असं नाही. युरोपात कुठे 220 व्होल्ट होते, ब्रिटनमध्ये 240. आंतरराष्ट्रीय मानकाने 230 हा एकच आकडा ठरवला. ब्रिटनने 1995 मध्ये तो घेतला तो 10 टक्के वर आणि 6 टक्के खाली अशा सवलतीसह, म्हणजे साधारण 216 ते 253. जुना पट्टा 240 च्या दोन्ही बाजूंना 6 टक्के, साधारण 226 ते 254. तारेतली वीज जवळपास होती तशीच राहिली. बदल झाला तो उपकरणं बनवणाऱ्यांसाठी, त्यांना एकच यंत्र सगळीकडे विकता यायला लागलं. असे बदल स्वस्त असतात आणि खूप काही देतात. ज्या बदलात एकाच कंपनीकडे असलेली रचना "किमान आवश्यकता" म्हणून आत शिरते, त्याला मी विरोध करतो आणि करत राहीन. मानकाने काम काय व्हायला हवं ते सांगावं. ते कुठल्या डब्यातून व्हावं हे सांगू नये.

माझा खरा आग्रह दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. प्रत्येक आकड्याशेजारी तो का ठेवला हे लिहायला हवं. "50.2, कारण सध्या सोलर नगण्य आहे" अशी एक ओळ असती, तर सोलर वाढताना कुणीतरी ते पान उघडलं असतं. कारण लिहिलेलं नसलं की आकड्याला हात लावायची भीती वाटते, किंवा उलट, कुणीही उगाच बदलतो. दुसरं, सेटिंग दुरून बदलता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून हवी, आणि तिला कुलूपही तितकंच पक्कं हवं. ट्रान्सफॉर्मर आणि केबल कित्येक दशकं टिकतात. त्यांच्यावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दलचे अंदाज तेवढे टिकणार नाहीत.

आणि मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा फार करून उत्पादक आणि सल्लागारच लिहितात. न्यूट्रलचा जळका जोड ज्याने हातात धरलाय, फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) परत चालू करताना कुठला रिले विनाकारण पडतो हे ज्याला माहीत आहे, त्याचं पत्र क्वचित येतं. तुम्ही अशा कामावर असाल तर दोन ओळी लिहा: काय घडलं, केव्हा, लोड किती होता. भाषा साधी असली तरी चालेल. कलमाच्या भाषेत ती बसवणं हे समितीचं काम आहे.