सोप्यातले जोर

पहाटे सव्वापाचला आमच्या सोप्यातला, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतला, दिवा लागतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर. खाली शहाबादी फरशी, भिंतीला टेकून मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खुर्ची, वर सागवानी तुळई आणि तिला दोन लोखंडी कड्या. एकेकाळी त्या कड्यांना पाळणा टांगत. नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढी जागा मी मोजून घेतली आहे. तिथं चप्पल येत नाही, लेकीची सायकल येत नाही, पावसाळ्यात वाळत घातलेले कपडेसुद्धा येत नाहीत. दीड वर्ष झालं, माझा व्यायाम तिथंच चालतो.

त्याआधी मी जिमला जात होते. वर्षाचे पैसे एकदम भरले होते. शाहूपुरीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी सतरा वर्षं हिशेबाचं काम करते, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. चाळिशी ओलांडली तशी कंबर धरायला लागली. भाजीची पिशवी घेऊन जिना चढले की खांदा ठणकायचा. एकदा गॅसचा सिलिंडर हातभर सरकवताना पाठीत अशी उसण भरली की तीन दिवस कूस बदलता येईना. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, चालणं सोडू नका, पण नुसत्या चालण्यावर भागणार नाही, स्नायूंना काम द्या. जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं तेच आहे. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. रंकाळा तलावाची फेरी माझी चुकत नव्हती. ताकदीचं मात्र काहीच नव्हतं.

जिममध्ये बायकांची वेळ अकरा ते चार. नोकरी करणारी बाई त्या वेळेत कुठं असते? पैसे घेताना सांगितलं होतं की महिनाभरात सकाळची बॅच सुरू होईल. ती झाली नाही. संध्याकाळी सातनंतर सगळ्यांना मोकळं असायचं, पण तेव्हा एकेका मशीनपुढं तीन-तीन माणसं उभी, आणि घरी कुकर लावायचा बाकी. शिकवणारा मुलगा तिसऱ्या दिवसापासून पावडरच्या डब्याचं बोलायला लागला. वजन उचलताना पाठ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा, हे त्यानं एकदाही दाखवलं नाही. त्याचा राग मला अजून आहे, बुडालेल्या पैशांपेक्षा जास्त. पाठ दुखते म्हणून आलेल्या बाईची पाठ कुणी बघतच नसेल तर तिनं तिथं जायचं कशाला? तीन महिन्यांत मिळून अकरा वेळा गेले आणि थांबले.

मामांचा जन्म १९४८चा. १९५९ साली श्रीपती खंचनाळे कुस्तीतले पहिले हिंदकेसरी झाले तेव्हा मामा अकरा वर्षांचे. मलाही तालमीत घाला म्हणून त्यांनी वडिलांच्या मागं लकडा लावला आणि पुढच्या वर्षी लंगोट बांधला. दहा-अकरा वर्षं लाल मातीत काढली. मोठे पैलवान झाले नाहीत, पण खासबागेच्या कुस्ती मैदानात लहान जोडीत चार-पाच वेळा उतरले. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ला तयार झालेलं ते मैदान खोलगट आणि गोल आहे, मधे हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, कुठंही बसा, कुस्ती दिसते. मामा सांगतात, आत उभं राहिलं की चारी बाजूंनी माणसांची भिंत वर चढत गेलेली दिसते आणि पहिल्यांदा पाय थरथरतात.

एका रात्री मी गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन सोप्यात पडले होते. मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पोरी, तुला जोर येतात काय?"

मी म्हटलं, "मामा, बायकांना कुठं तालमीत घेत होते?"

ते थोडा वेळ गप्प बसले. "तालमीत न्हवतं," म्हणाले. "सोप्यात कोण अडवालंय?"

घरी व्यायाम करायचा म्हणजे मोबाइलवर बघून अंग हलवायचं, असं मला आधी वाटायचं. मामांनी पहिल्या दिवशी मला काहीच करू दिलं नाही. जागा झाडायला लावली, फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि वेळ विचारली. मी म्हटलं, जमेल तशी. "जमंल तशी म्हंजे कवाच न्हाई," म्हणाले. मग सव्वापाच ठरली. तालमीत हौद्यात उतरण्याआधी माती उकरून मऊ करतात, तसं इथं आधी फरशी पुसणं. या दोन मिनिटांना मी आता फार जपते. फडकं हातात घेतलं की झोप आपोआप उतरते, आणि मग परत अंथरुणाकडं जावंसं वाटत नाही.

जोर सुरुवातीला एकही निघाला नाही. हात वाकले की सगळं अंग खाली. मामांच्या तालमीत चौदा वर्षांची पोरं शेकड्यानं जोर काढायची, त्यामुळं जोर निघतच नाही अशा माणसाला काय सांगायचं हे त्यांनाही सुचेना. मग मीच घरातला वजनकाटा आणला. माझं वजन तेव्हा ६४ किलो. काटा फरशीवर ठेवला, दोन्ही तळहात त्यावर टेकवले, पाय मागं ताणून अंग सरळ केलं आणि लेकीला आकडा वाचायला सांगितलं. ४२. म्हणजे जमिनीवर मी ४२ किलो ढकलायला बघत होते, जिनं आयुष्यात दहा किलोची पिशवी सोडून काही उचललं नव्हतं. गुडघे टेकवून बघितलं, ३२. मग धान्याची जुनी लाकडी पेटी ओढून तिच्यावर काटा ठेवला, पेटीची उंची दीड फूट. आकडा आला ३०. मामा चष्मा लावून ते आकडे परत परत बघत होते. जिमच्या मशीनला किलो-किलोनं वजन वाढवता येतं; इथं हाताखालची उंची कमी केली की वजन वाढतं, एवढाच फरक आहे.

तिथून वाट सापडली. आधी भिंत, मग स्वयंपाकघराचा ओटा, मग पेटी, मग जिन्याची दुसरी पायरी, मग पहिली, आणि शेवटी फरशी. प्रत्येक ठिकाणी सलग बारा चांगले निघाले की एक पायरी खाली. फरशीवर पोचायला मला साडेचार महिने लागले. हे सगळे सरळ जोर, अंग फळीसारखं ठेवून. आपला खरा देशी जोर वेगळा. त्यात कंबर वर उचललेली असते, छाती दोन्ही हातांच्या मधून फरशीलगत पुढं सरकते, मग मान वर आणि कंबर खाली, आणि पुन्हा कंबर उचलून मागं. पाठीचा कणा त्यात पुरता वाकतो. माझी पाठ दुखरी, म्हणून डॉक्टरांना विचारून मी तो सहाव्या महिन्यात धरला. ज्यांची पाठ किंवा खांदा आधीच धरलेला आहे त्यांनी थेट तिथं हात घालू नये, हे मी कळकळीनं सांगते.

बैठकांनी मात्र मला धडा दिला. दुसऱ्याच आठवड्यात, मामा गावाला गेले असताना, मी एका दमात शंभर बैठका मारल्या. जोर जमत नाहीत, निदान बैठका तरी, अशी ईर्ष्या होती. त्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरल्या आणि तिसऱ्या दिवशी जिना उलटं तोंड करून, कठड्याला धरून उतरावा लागला. ऑफिसात खुर्चीतून उठताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर रागावले. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली ती सगळ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे: अशा वेळी लघवी चहासारखी गडद झाली तर एक क्षण थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, कारण अति ताणानं तुटलेल्या स्नायूंतले घटक रक्तातून किडनीवर येतात. माझं तेवढ्यावर गेलं नाही. मामा परत आले, त्यांना कळलं, आणि ते एवढंच म्हणाले, "मोजायला कोण न्हवतं म्हणून असं झालं." आता मी टाचा टेकवून, मागं स्टूल ठेवून, दहा-दहाच्या तीन खेपा करते. पंजावर उठून मारायच्या पैलवानी बैठका माझ्या गुडघ्यांना सोसत नाहीत आणि मी त्यांचा हट्ट सोडून दिला आहे.

घरात एक अडचण सगळ्यांना येते. ढकलायचे व्यायाम होतात, ओढायचे होत नाहीत. आणि खुर्चीत वाकून बसणाऱ्या माणसाला ओढण्याचीच जास्त गरज असते, पाठीचा वरचा भाग त्यानंच जागा होतो. मामांच्या तालमीत दोर होता, हातांवर चढायचा. आम्ही सुतार बोलावून तुळई तपासून घेतली, वाळवी नाही ना, कड्या पक्क्या आहेत ना. मग जाड सुती दोर आणला. काथ्याचा हात सोलतो. तो दोन्ही कड्यांतून ओवला, टोकांना गाठी मारल्या. गाठी धरायच्या, पाय फरशीला रोवून मागं रेलायचं आणि छाती हातांपर्यंत ओढून घ्यायची. पाय जितके पुढं तितकं जड. पहिल्या दिवशी पाच झाले. या एका दोरानं माझा खांदा जेवढा सुधारला तेवढा कशानंच नाही, असं मला ठामपणानं वाटतं.

माळ्यावर मामांची मुदगलाची, म्हणजे फिरवायच्या जड लाकडी सोट्यांची, जोडी होती, बाभळीची, पन्नास वर्षं तेल न लागलेली. ती खाली काढली त्या दिवशी मामांनी स्वतः बसून तिला तेल चोळलं. मुठीजवळ लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं, चार बोटं कुठं बसायची ते हात लावल्यावर कळत होतं. ती मला अजून पेलत नाही. मी लिटरच्या बाटलीत पाणी भरून तीच फिरवण शिकते, खांद्यावरून मागं, पाठीवरून वळवून पुढं. बाटली अर्धी भरली तर पाणी आत डुचमळतं आणि मनगटाला जास्त काम पडतं. शेवटी तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरून सोप्यात येरझाऱ्या, दोन हातांत दहा किलो, खांदे मागं. बाजाराच्या पिशवीची भीती त्यानंच गेली.

जिमला मी नावं ठेवत नाही. ज्याला शंभर किलोचा बार उचलायचा आहे त्यानं जिमलाच जावं, नीट शिकवणारा असेल तिथं. पण जोरांसाठी फरशी आणि ओढायला दोर असला तर माझ्यासारखीचं भागतं. खाण्याचंही विशेष काही केलेलं नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ, रात्री गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं पेलाभर दूध, म्हैस समोर पिळलेलं. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा चालूच आहे.

आणि पाऊस. जुलैत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की अख्खं कोल्हापूर दर तासाला आकडा बघतं. रंकाळ्याची फेरी बंद, कधी ऑफिसलाही सुट्टी. सोप्यात मात्र सव्वापाचला दिवा लागतो.

मामांच्या मोजण्याबद्दल सांगायचं राहिलं. ते खुर्चीत बसून मोठ्यानं मोजतात, पण आकडा तुमच्या संख्येवर पुढं जात नाही. छाती पुरती खाली गेली नाही, कंबर लोंबली, मान आत ओढली, तर तोच आकडा परत येतो. पाच, सहा, सात. सात. सात. पहिल्यांदा मला वाटलं, वयामुळं विसरतात. आता दहा मोजून होईपर्यंत माझे कधी चौदा होतात, कधी पंधरा. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाईसुद्धा, महिन्यापूर्वीपासून येऊन बसतात. त्या ७२ वर्षांच्या. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि परत बसायचं, पाच वेळा. त्यांचाही तिसरा आकडा कधीकधी दोनदा येतो आणि त्या मामांकडं रागानं बघतात.

गेल्या आठवड्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीपासूनच अंधूक. मी म्हटलं, आठ दिवस झोपा, माझं मी मोजते. दुसऱ्या पहाटे मी फरशी पुसत होते तर मागं काठी वाजली. भिंत चाचपत आले, खुर्ची हातानं शोधली, बसले. मी काही बोलले नाही, हात टेकवले.

एक, दोन, तीन म्हणाले. सहापर्यंत नीट गेलं. मी दमले होते, सातव्याला छाती अर्ध्यावरूनच वर घेतली.

"सात," मामा म्हणाले.

मी पुढचा काढला, पूर्ण, फरशीला टेकेपर्यंत.

"सात."

"मामा, तुम्हाला दिसलं?"

"श्वास ऐकालोय," म्हणाले. "मघाचा अर्धाच आला. चल, आठ."