एक्सआरपीचा खटला आणि माझी साडेचार वर्षं

डिसेंबर २०२० च्या सुरुवातीला मी साधारण ६० सेंट भावाने ४,००० एक्सआरपी, म्हणजे एका क्रिप्टोचलनाची डिजिटल नाणी, घेतले. मी जर्सी सिटीत राहतो, दर महिन्याला सांगलीला आईबाबांना पैसे पाठवतो. फी आणि विनिमयदरात जाणारी रक्कम बघून दरवेळी जीव हळहळतो. काही सेकंदांत देशाबाहेर पैसे पोचवणारं नाणं, ही कल्पना मला मनापासून पटली होती.

२२ डिसेंबरला एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने, एक्सआरपी विकणाऱ्या रिपल कंपनीवर न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला. आरोप होता, नोंदणी न करता १.३ अब्ज डॉलरच्या सिक्युरिटीज, म्हणजे शेअरसारखी गुंतवणूक, विकल्याचा. वर्ष संपेपर्यंत भाव २२ सेंटच्या आसपास आला. जानेवारीत माझ्या एक्सचेंजने, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजाराने, एक्सआरपीचे व्यवहार थांबवले. अ‍ॅप उघडलं की ४,००० हा आकडा दिसायचा आणि खाली खरेदी-विक्रीची दोन्ही बटणं करडी पडलेली. नाणी स्वतःच्या डिजिटल वॉलेटमध्ये हलवता यायची, एक्सचेंजवर विकता मात्र यायची नाहीत.

भावापेक्षा दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली. मार्च २०२१ मध्ये परदेशी पैसे पाठवणाऱ्या मनीग्रॅम कंपनीने रिपलबरोबरची भागीदारी संपवली. ज्या कामासाठी मी हे नाणं घेतलं, नेमकं तेच काम अमेरिकेत अडलं. एप्रिलमध्ये सगळा क्रिप्टो बाजार उसळला तेव्हा एक्सआरपी दीड डॉलरच्या वर गेलं खरं, पण बंद पडलेलं काम त्याने थोडंच सुरू होणार होतं!

१३ जुलै २०२३, गुरुवार. न्यायाधीश अ‍ॅनालिसा टॉरेस यांचा निकाल मी ऑफिसातच वाचायला घेतला. एखादी विक्री सिक्युरिटीची आहे का, हे ठरवायची कसोटी १९४६ सालची, फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांच्या खटल्यातली: दुसऱ्याच्या मेहनतीतून नफा मिळेल या अपेक्षेने पैसे गुंतवले होते का? मोठ्या संस्थांना करार करून विकलेली सुमारे ७२.९ कोटी डॉलरची नाणी या कसोटीत बसली. एक्सचेंजवरची विक्री बसली नाही, कारण तिथे घेणाऱ्याला समोर रिपल आहे की आणखी कोणी, हे कळतच नाही. तो घेणारा म्हणजे मी. तो परिच्छेद मी तीनदा वाचला. त्या दिवशी भाव ४७ सेंटवरून ८० च्या वर गेला आणि काही एक्सचेंजेसनी व्यवहार पुन्हा उघडले.

हा फरक मला न्याय्य वाटतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. २०१३ पासून ही विक्री उघड चालली होती. नियम आधी लिहायचे सोडून सात वर्षांनी खटला भरला, की त्याची किंमत आधी छोटा धारक मोजतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला १२.५ कोटी डॉलर दंड झाला; एसईसीने मागितले होते जवळपास २ अब्ज. ऑगस्ट २०२५ मध्ये दोघांनीही अपिलं मागे घेतली.

माझी नाणी अजून वॉलेटमध्येच आहेत. सांगलीला पैसे बँकेतूनच जातात, फी भरून.