पेपर कोणाच्या हातात पडला, यावर मार्क ठरतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दहावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक, जुने विद्यार्थी, अगदी लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बायकाही हेच विचारतात: "मॅडम, तुम्ही बोर्डाचे पेपर तपासता ना? मग खरं सांगा, कडक परीक्षकाकडे गठ्ठा गेला की मार्क जातात का?" मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. बरीच वर्षं परीक्षक होते, आता नियामक म्हणून इतरांनी तपासलेले पेपर बघते. उत्तर सरळ आहे: हो, जातात. पण लेखी पेपरात तुम्ही समजता तितके जात नाहीत. तोंडी परीक्षेत मात्र खूप जातात आणि त्याबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

आधी लेखीचं बोलू. समास ओळखा, जोड्या लावा, चौकटी पूर्ण करा, इथे परीक्षक कोणीही असो, गुण तेच पडतात. आकलनाच्या कृतीत फार तर अर्धा-एक गुण इकडेतिकडे. फरक पडतो तो स्वमतात, म्हणजे स्वतःचं मत मांडायच्या प्रश्नांत, आणि पत्र, बातमी, निबंध अशा उपयोजित लेखनात. एकदा तपासणीआधीच्या बैठकीत आम्हा सगळ्यांना एकाच निबंधाची झेरॉक्स दिली होती. नदीचं मनोगत, आठ गुणांचं. त्यात एक वाक्य होतं: "पूर आला तव्हा आईनं कोंबड्या माळ्यावर टाकल्या आन् मग माझ्याकडं बघून हात जोडले." कोणाशी न बोलता प्रत्येकाने गुण लिहायचे होते. फळ्यावर आकडे आले ते चारपासून सातपर्यंत. चार देणाऱ्या सरांनी "तव्हा" आणि "आन्" भोवती गोल केले होते, प्रमाण भाषा नाही म्हणून. सात देणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं, की अख्ख्या गठ्ठ्यात पूर पाहिलेलं हे एकच मूल आहे, बाकीच्यांनी गाइडमधली नदी लिहिली आहे. दोघंही मनापासून बोलत होते, आणि दोघंही वर्गात उत्तम शिकवणारे. चर्चा होऊन साडेसहावर एकमत झालं. ती बैठक झाली नसती तर त्या मुलाचे तीन गुण निव्वळ पेपर कोणाकडे गेला यावर हलले असते.

हे दुखणं जुनं आहे आणि आपल्या एकट्याचं नाही. इंग्लंडमध्ये एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ जाणत्या परीक्षकांकडून तपासून घेतला. गुण आले ४५ पासून १०० पर्यंत. कोणी म्हणेल, भाषेत असं होणारच. पण अमेरिकेत १९१३ मध्ये स्टार्च आणि एलियट यांनी भूमितीचा एकच पेपर शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठवला, तिथेही गुण २८ ते ९२ असे पसरले. कोणी फक्त शेवटचं उत्तर बघितलं, कोणी पायऱ्यांना गुण दिले, कोणी अव्यवस्थित आकृतीचे कापले.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो फिलिप हार्टोग यांचा प्रयोग. बी.एड. केलेल्या प्रत्येकाने भारतातल्या शिक्षणावरच्या १९२९ च्या हार्टोग समितीचं नाव पाठ केलेलं असतं. तेच हे गृहस्थ, ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मायदेशी परतल्यावर त्यांनी ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञाबरोबर परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि निष्कर्ष १९३५ मध्ये छापले. इतिहासाचे १५ पेपर, सगळे सारख्याच मध्यम गुणांचे, १४ परीक्षकांकडून तपासून घेतले. वर्ष-दीड वर्षाने तेच पेपर पुन्हा त्याच परीक्षकांना दिले. २१० निवाड्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाचा स्वतःचाच निर्णय बदलला होता. पास झालेला नापास, नापास झालेला पास, किंवा पासच्या वरची 'क्रेडिट' श्रेणी मिळाली किंवा गेली. म्हणजे "कडक परीक्षक" आणि "सढळ हाताचा परीक्षक" ही दोन वेगळी माणसं असतातच असं नाही.

याचं कारण पेपर तपासायला बसलेल्या कोणालाही कळतं. ओळीने पाच-सहा कोरे-अर्धे पेपर आले आणि मग एक बरा आला, की तो फार चांगला वाटायला लागतो. पहिल्या पानावरचं मोत्यासारखं अक्षर शेवटच्या पानापर्यंत गुण मिळवून देतं. पत्रलेखन छान जमलं असेल तर निबंधाकडेही आपण प्रेमाने बघतो. म्हणून मी एक पेपर अथपासून इतिपर्यंत तपासत नाही. आधी सगळ्या गठ्ठ्यातलं पत्र, मग सगळ्यांची बातमी, मग निबंध. वेळ जास्त जातो, पण एकाच मोजमापाने सगळी मुलं मोजली जातात.

बोर्डानेही याची तजवीज केलेली आहे. बारकोड लावल्यामुळे पेपर कोणत्या मुलाचा, कोणत्या शाळेचा हे परीक्षकाला कळत नाही. नमुना उत्तरं असतात, परीक्षकावर नियामक, नियामकावर मुख्य नियामक. तरीही शंका असेल तर गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन. छायाप्रत जरूर मागवा, आणि शिकवणाऱ्या शिक्षकांसोबत बसून बघा. मात्र निबंधात एखादा गुण वाढावा एवढ्यासाठी पुनर्मूल्यांकन मागू नका. तो तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी तो पहिल्या गुणापेक्षा जास्त खरा असतो असं मला वाटत नाही.

आता तोंडीकडे येते, कारण मला खरं तर याच्याबद्दल बोलायचं आहे.

लेखीत परीक्षक येतो तो मुलाने लिहून झाल्यावर. उत्तर कागदावर पक्कं झालेलं असतं. तोंडीत परीक्षक समोर बसलेला असतो आणि उत्तर त्याच्यादेखत तयार होतं, किंवा होत नाही. त्याचा चेहरा, आवाज, घड्याळाकडे गेलेली नजर, सगळं त्या उत्तरात उतरतं. बोलता बोलता परीक्षकाने पेन उचलून काही लिहिलं, की मूल थांबतं. बघा कधी. गुण पडले, आता बोलून काय उपयोग, असं त्याला वाटतं. बर्लिनमध्ये १९०४ साली हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता, टापा आपटून उत्तर द्यायचा. पुढे फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याची मान किंचित हलायची आणि घोडा थांबायचा. घोड्याला जे दिसलं ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिसणार नाही का?

आपल्याकडे तोंडीचं बोलणं निघतं ते फक्त खिरापत म्हणून. २०१९ मध्ये दहावीच्या भाषांचे शाळेकडचे, म्हणजे शाळेतल्याच शिक्षकांनी द्यायचे तोंडी वगैरेचे, २० गुण बंद झाले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या आकड्यांत नवा अभ्यासक्रम होता, २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता, तरी ओळखीचा परीक्षक आणि अनोळखी परीक्षक यांतला फरक त्यात आहेच. लोकांनी अर्थ काढला तो एवढाच, की शाळा गुण वाटतात. काही वाटतात, मी नाकारत नाही. पण अमेरिकेत फुक्स आणि फुक्स यांनी १९८६ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं आहे की ओळखीच्या परीक्षकासमोर मुलं खरोखरच जास्त चांगली कामगिरी करतात, आणि हा फरक गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत जास्त असतो.

हे मला पटायला तो अभ्यास लागला नाही. आमच्या शाळेत १७ नंबरचा फॉर्म भरणारे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणारे विद्यार्थी येतात, शाळा सुटलेले, कामाला जाणारे. त्यांची तोंडी आम्ही घेतो आणि आम्ही त्यांना पूर्ण परके. एक भाजी विकणारी बाई होती, तिशीची. "तुमच्या आवडत्या सणाविषयी बोला" म्हटल्यावर ती पदराचं टोक पिळत उभी राहिली. एक शब्द नाही. तिथेच गुण लिहून पुढचा नंबर पुकारता आला असता, नियमाने ते चूक नव्हतं. मी तिला बसायला सांगितलं आणि विचारलं, मेथीची जुडी ताजी आहे हे गिऱ्हाइकाला कसं पटवता? ती बोलायला लागली. देठ मोडून कसा आवाज येतो, पाणी मारलेली जुडी कशी ओळखायची, सकाळी काय भाव सांगायचा आणि दुपारी काय. मुद्देसूद, क्रमवार, ऐकणाऱ्याकडे बघून. भाषण कौशल्यात जे जे तपासायचं असतं ते सगळं त्यात होतं. मी गुण फुकट दिले नाहीत, तिने ते कमावले. फक्त ते बाहेर येण्याइतकी जागा समोरच्याने करून द्यावी लागली.

आणि या परीक्षेला ना नियामक, ना छायाप्रत, ना पुनर्मूल्यांकन. निबंधाच्या आठ गुणांसाठी आम्ही बैठक घेतो, झेरॉक्स वाटतो, आणि तोंडीच्या वेळी शिक्षकाच्या हातात फक्त यादी देतो. हे बदलायला हवं असं मी प्रत्येक सभेत बोलते. वैद्यकीय शिक्षणात स्कॉटलंडच्या डंडीमध्ये हार्डन यांनी १९७५ मध्येच वाट दाखवली आहे: प्रत्येक विद्यार्थ्याला तीच कामं, तपासायच्या बाबी आधीच ठरलेल्या आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे परीक्षक, म्हणजे एकाच्या स्वभावावर सगळं ठरत नाही. आपल्याला तेवढा बडेजाव नको. दोन शिक्षक बसवा, पहिला प्रश्न गुणांशिवायचा ठेवा, आणि मूल बोलत असताना पेन खाली ठेवा.

पालकांना माझं सांगणं वेगळं आहे. मुलाला घराबाहेरच्या मोठ्या माणसांशी बोलू द्या. दुकानात, बँकेत, एस.टी.च्या खिडकीवर त्याला पुढे करा, त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका. आमच्या शाळेत नववीपासून दर महिन्याला एका तुकडीची मुलं दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांसमोर जाऊन पाच मिनिटं बोलतात, गुण नसतात. पहिल्या महिन्यात निम्मी मुलं दारातच अडतात. दिवाळीपर्यंत बहुतेक जण स्वतःहून खुर्ची ओढून बसतात.