बदली ओर्फेओ

जर्मनीतील एका नगर-नाट्यगृहात मी गायकांकडून पियानोवर भूमिका बसवून घेण्याचे काम करते. त्या हंगामात आमच्याकडे अठराव्या शतकातील संगीतकार ग्लुकचा ‘ओर्फेओ एद एउरिदिचे’ हा ऑपेरा, म्हणजे मृत पत्नी एउरिदिचेला पाताळातून परत आणायला निघालेल्या ओर्फेओची ग्रीक कथा, सुरू होता आणि एका प्रयोगाच्या दिवशी सकाळीच निरोप आला, की ओर्फेओची भूमिका करणाऱ्या मेझो-सोप्रानोचा, म्हणजे मधल्या पट्टीच्या गायिकेचा, आवाज पूर्णपणे बसला आहे. मुख्य गायक ऐनवेळी आजारी पडणे ही अडचण नाट्यगृहांना नवी नसते. पण या ऑपेरात एकल गायक तीनच असतात आणि त्यांपैकी ओर्फेओ आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ सतत रंगमंचावर असतो. दुसऱ्या शहरातील एक अनुभवी गायिका दुपारी पोहोचणार होती. तिला हालचाली शिकवायला वेळ नव्हता, म्हणून तिने रंगमंचाच्या कडेला उभे राहून स्वरलिपीवरून गावे आणि आमच्या सहायक दिग्दर्शिकेने ओर्फेओच्या वेशात मूक अभिनय करावा, असे ठरले.

ती आली आणि पियानोपाशी उभी राहताच तिने विचारले, की पहिल्या अंकाच्या शेवटची तानांनी भरलेली एरिया, म्हणजे एकल गीत, तुम्ही कोणत्या वेगात घेता. आमच्या प्रयोगात ती एरियाच नव्हती. या एका प्रश्नात ग्लुकच्या या कृतीचा सारा इतिहास समोर आला. ५ ऑक्टोबर १७६२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या उपस्थितीत हा ऑपेरा प्रथम सादर झाला, तेव्हा कवी काल्झाबिजीची संहिता इटालियन होती आणि ओर्फेओ गाणारा ग्वादान्यी हा अल्टो, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या पट्टीच्या, आवाजाचा कास्त्रातो (उंच आवाज टिकावा म्हणून बालपणी खच्ची केलेला गायक) होता. १७७४ मध्ये पॅरिससाठी ग्लुकने तो फ्रेंचमध्ये नव्याने बांधला, नायकाची भूमिका लग्रो या उंच पट्टीच्या टेनरकडे (पुरुष गायकाकडे) दिली, सुखी आत्म्यांच्या नृत्यात बासरीचा तो विख्यात एकल भाग घातला आणि पहिल्या अंकाच्या शेवटी हीच तानांची एरिया जोडली. पुढे १८५९ मध्ये संगीतकार बर्लियोझने पोलिन व्हियार्दो या गायिकेसाठी दोन्हींचा मेळ घातला, आणि त्यानंतर इटालियनमध्ये छापल्या गेलेल्या मिश्र आवृत्त्यांवर गायिकांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. आमची पाहुणी त्यांपैकीच एक होती. आम्ही मात्र १७६२ची मूळ प्रत सादर करत होतो, ज्यात पहिला अंक एरियाविना, ओर्फेओच्या निश्चयाच्या शब्दांवर आणि ऑर्केस्ट्राच्या छोट्या समाप्तीवर संपतो.

एरिया वगळणे सोपे होते. तिने पानांवर रेघ मारली. कठीण होते ते संवादगायन, म्हणजे एरियांच्या मधले बोलण्याच्या ढंगाने गायलेले संवाद. ग्लुकच्या आधीच्या गंभीर इटालियन ऑपेरात बराचसा संवाद केवळ हार्प्सिकॉर्ड आणि चेलोच्या साथीवर चालत असे, त्यामुळे नवखा गायक अडखळला तरी वादक क्षणभर थांबून त्याला सावरून घेऊ शकत. शिवाय गायक आपल्या पसंतीची एरिया सोबत आणून ती मूळ एरियाच्या जागी गात असत. ग्लुक आणि काल्झाबिजी यांनी नेमकी हीच मोकळीक काढून घेतली. ‘ओर्फेओ’मध्ये संवादालाही तंतुवाद्यांची साथ आहे, कोरस आणि नृत्य कथेच्या आत आहेत, आणि पाताळाच्या दारात ओर्फेओ हार्पच्या साथीने विनवणी करतो तेव्हा प्रत्येक ओळीवर पाताळातील शक्ती ‘नाही’ असे ओरडतात. ते ‘नाही’ अर्धा श्वास उशिरा पडले तर तो प्रवेशच उरत नाही. बदली गायकासाठी इतकी निर्दय आणि प्रेक्षकासाठी इतकी प्रामाणिक रचना मला दुसरी ठाऊक नाही. आम्ही उपलब्ध वेळातला मोठा भाग याच जोडांवर घालवला. बाकीचे तिच्या अनुभवावर सोडले.

येथे ग्वादान्यीविषयी थोडे सांगावेसे वाटते. लंडनमध्ये त्याने प्रसिद्ध नट गॅरिककडून अभिनयाचे धडे घेतले होते आणि पुढे तेथेच, टाळ्या पडल्या तरी भूमिका मोडून अभिवादन न केल्यामुळे व मागणी होऊनही एरिया पुन्हा न गायल्यामुळे, त्याने श्रोत्यांची नाराजी ओढवून घेतल्याची नोंद संगीत-इतिहासकार बर्नी याने केली आहे. ‘वन्स मोअर’ला पदे पुन्हा रंगवणाऱ्या संगीत नाटकांच्या आठवणी ऐकत मी वाढले आणि त्या परंपरेवर माझे प्रेम आहे, तरीही त्या माणसाच्या निग्रहापुढे माझी मान झुकते.

तिसऱ्या अंकातील ‘के फारो सेंझा एउरिदिचे’ या एरियावर मात्र मतभेद झाला. वाटेत तिच्याकडे पाहायचे नाही ही अट मोडून मागे वळून पाहिल्यामुळे पत्नी दुसऱ्यांदा मरण पावल्यावर ओर्फेओ सी मेजरमध्ये, म्हणजे उजळ स्वरांत, ‘तिच्याविना मी काय करू, कुठे जाऊ’ असे विचारतो. हीच सुरावट आनंदाच्या शब्दांनाही तितकीच शोभेल, हा जुना आक्षेप संगीत-समीक्षक हान्सलिकने १८५४ मध्ये पुन्हा मांडला होता. ग्लुकला धोका आधीच ठाऊक होता. ‘पारिदे एद एलेना’ या आपल्या पुढच्या ऑपेराच्या १७७० मधील अर्पणपत्रिकेत त्याने लिहिले, की या एरियाच्या भावाविष्कारात थोडासा बदल केला तरी तिचे कळसूत्री बाहुल्यांचे नाच-गाणे होईल. पाहुणीला ती अतिशय संथ हवी होती; आमच्या कंडक्टरला चालती. संथपणामुळे दुःख आपोआप येते, हे मला पटत नाही. ध्रुवपद तीनदा येते. मधल्या भागांत तो तिला हाक मारतो, उत्तर मिळत नाही, आणि त्याच्यापाशी दुसरे शब्दच नसल्यामुळे तो त्याच प्रश्नाकडे परततो. म्हणून मी सुचवले, की ध्रुवपदाचा वेग तिन्ही वेळा कंडक्टरच्या म्हणण्याप्रमाणे एकच ठेवावा आणि हाकांच्या जागी ऑर्केस्ट्राने तिची वाट पाहावी. तिने एकदा गाऊन पाहिले आणि होकार दिला.

संध्याकाळी मी विंगेत स्वरलिपी घेऊन तिच्या मागे उभी होते. मागे वळण्याचा क्षण साधण्यासाठी तिने मुद्दाम ऐकू येईल असा श्वास घ्यावा आणि त्यावर सहायक दिग्दर्शिकेने वळावे, असे दोघींनी आपसात ठरवले होते. ते अचूक जमले. मग ती एरिया सुरू झाली. हाकांनंतरच्या शांततेत रंगमंचावरचा ओर्फेओ हलला नाही, कडेचा आवाजही थांबला, आणि तिसऱ्या वेळी तेच ध्रुवपद त्याच वेगात आले तेव्हा माझे डोळे भरून आले. देह एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असूनही प्रेक्षागृहात कोणाची चुळबूळ ऐकू आली नाही; प्रेमदेव अमोरने एउरिदिचेला जिवंत करेपर्यंत टाळी पडली नाही.

आमची मूळ गायिका पुढच्या प्रयोगाला परतली. तिने त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण ऐकले होते आणि हाकांच्या जागी ऑर्केस्ट्राचे थांबणे तिलाही हवे होते. कंडक्टरने ते मान्य केले, वादकांच्या प्रतींवर पेन्सिलीने खुणा झाल्या, आणि हंगाम संपेपर्यंत आम्ही ती एरिया त्याच पद्धतीने सादर केली.