तुर्भ्याच्या फळबाजारात: चौदा आणे तयार

ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्सहार्बरने जायचं तर पहाटेची गाडी बरी. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं डुलक्या काढताना निघून जातात. स्टेशनवरून रिक्षावाल्याला नुसतं ‘फळमार्केट’ म्हटलं की पुरतं. क्रॉफर्ड मार्केटातला घाऊक फळव्यापार 1996 साली इथे आला.

एप्रिलअखेर होती. आत पाऊल टाकताच ‘बाजूला, बाजूला!’ ओरडत माथाडी कामगार अंगावरून गेले. डोक्यावर देवगड-रत्नागिरीच्या पेट्या. एका गाळ्यावर जरा थारा मिळाला, तिथेच पुढचा तासभर गेला. मी विचारलं, “केमिकलने पिकवलेला नाही ना?” आडतदार हसले. “ताई, सगळे हेच विचारतात. झाडावरून कधी उतरवला, ते कोणी विचारत नाही.”

मग त्यांनी एक हिरवा आंबा माझ्या हातात दिला. देठाशी खळगा पडलेला, दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले. याला म्हणायचं चौदा आणे तयार, म्हणजे पुरत्या सोळा आण्यांना जरासा कमी. बारा आण्याला काढलेलं फळ पिवळं होईल, पण सुरकुतेल आणि चवीला पाणचट लागेल. सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवलं तर साक्याची भीती. कोयीलगतचा गर पांढुरका, भुसभुशीत आणि आंबट होतो, तो साका. बाहेरून पत्ता लागत नाही. फळ जास्त जून झालं की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते, आणि काढलेली फळं तापलेल्या जमिनीवर ठेवली की साका आणखी बळावतो. म्हणून उतरवलेला आंबा लगेच सावलीत न्यायचा.

देठाचंही तसंच. हिसका मारून तोडला की चीक सालीवर ओघळतो, साल भाजल्यासारखी काळी पडते आणि कूज तिथूनच शिरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ याचसाठी आहे. पात्याने देठासकट कापतो आणि फळ जाळीत अलगद पडतं. पेटीतल्या आंब्यांना बोटाच्या पेराएवढे देठ दिसले तर बागायतदार नीट आहे असं मी आता धरून चालते.

आणि पिकवणं? आंबा स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि त्यानेच पिकतो. आजीची पेंढ्यातली अढी हा वायू आणि ऊब कोंडून ठेवायची. बाजारातल्या रायपनिंग चेंबरमध्ये तोच वायू बाहेरून सोडतात, कायद्याने 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. त्याला नाक मुरडण्यात मला अर्थ वाटत नाही. फळं पिकवायला चोरून वापरतात त्या कार्बाइडची गोष्ट वेगळी. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन निघतो, सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. बंदी आहे ती त्यासाठी. शिवाय त्याने कोवळ्या फळालाही रंग चढतो, गोडी मात्र येत नाही.

केळी पिकवायच्या खोलीत डोकावले तेव्हा थंडीने अंगावर शहारा आला. तरी तिथलं तापमान 13-14 अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत. गेलं की साल काळवंडते. घरच्या फ्रिजमध्ये केळी काळी का पडतात, ते तिथे उभं राहून कळलं. द्राक्षांचा हंगाम सरत आला होता. ती तर तोडल्यावर गोड होतच नाहीत, वेलीवर जेवढी साखर आली तेवढीच. संत्र्या-डाळिंबांचंही तेच, त्यामुळे त्यांना अढीबिढी काही नाही.

पणन मंडळाचं विकिरण केंद्रही वाशीतच आहे. 2007 पासून अमेरिकेला पुन्हा जाऊ लागलेल्या हापूसला कोयीतल्या भुंग्याच्या बंदोबस्तासाठी तिथे गॅमा किरणं घ्यावी लागतात. नोव्हेंबरात याच बाजारात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस येतो, हे ऐकून मात्र मी जराशी रुसलेच.

मी कच्च्या मालाची पेटी घेतली. चार-पाच दिवसांत पिकेल, तोवर फ्रिजला लावू नका, असं आडतदारांनी बजावलं. परतीच्या गाडीत शेजारच्या मावशींनी आधी भाव विचारला, मग झाकणाच्या फटीतून बोट घालून एक आंबा चाचपला. “हिरवा आहे गं,” त्या म्हणाल्या, “फसवलं तुला.” ऐरोली येईपर्यंत मी त्यांना चौदा आणे समजावत होते. त्यांना पटलं नाही.