गोरोला एकदा तरी बेचव जेवू द्या

आवडत्या मंगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, खऱ्या माणसांची मालिका येणार म्हटलं की आम्हा वाचकांच्या पोटात गोळा येतो. निळे-गुलाबी केस कागदावर शोभतात, नटाच्या डोक्यावर त्यांचा नुसता टोप होतो. 'कोदोकु नो गुरुमे' (एकाकी खवय्या) या मंगाला मात्र ही धास्ती नव्हती. तिच्यात आहे काय? इनोगाशिरा गोरो नावाचा, परदेशी वस्तू मागवून विकणारा एक मध्यमवयीन गृहस्थ. कामानिमित्त फिरतो, भूक लागते, दिसेल त्या खाणावळीत शिरतो, एकटाच जेवतो, बाहेर पडतो. संपलं. मासायुकी कुसुमींनी लिहिलेली आणि जिरो तानिगुचींनी काढलेली ही मंगा १९९४ ते १९९६ या काळात एका मासिकात आली. एकेक भाग अवघा ८ पानांचा.

टीव्ही टोकियोने २०१२च्या जानेवारीत तिची मालिका सुरू केली, तीही मध्यरात्रीच्या सुमाराला. म्हणजे जपानातली निम्मी माणसं अंथरुणात पडलेली असताना हा बाबा त्यांच्यासमोर वाफाळता भात खाणार. याला छळ म्हणतात.

गोरो झालेत युताका मात्सुशिगे. चेहरा अजिबात जुळत नाही. तानिगुचींचा गोरो रुंद खांद्यांचा, दणकट; मात्सुशिगे म्हणजे सहा फुटांवर गेलेली शिडशिडीत काठी. पण त्यांचं जेवण बघावं! घास तोंडात गेला की भुवई किंचित हलते, चावण्याचा वेग बदलतो, आणि आत चाललेली बडबड पार्श्वभूमीला ऐकू येते. मंगात विचारांचे फुगे जे काम करतात ते इथे जबडा करतो. भूक लागल्याची जाणीव होते तेव्हा तर गोरो रस्त्यातच थबकतो आणि कॅमेरा तीन टप्प्यांत मागे मागे उडी घेतो; एवढ्या मोठ्या शहरात एक छोटा भुकेला माणूस. मंगात असं नाही, पण तानिगुचींनाही ते पटलं असतं असं मला वाटतं. संगीत खुद्द कुसुमींच्या बँडचं. बँडचं नाव 'द स्क्रीन टोन्स', म्हणजे मंगाकार छटा भरायला चिकटवतात ते ठिपक्यांचे कागद. घरचंच कार्य असल्यासारखं सगळं.

मग कुठे खटकतं? इथे: टीव्हीवरच्या गोरोला सगळंच आवडतं.

मंगातल्या गोरोची पहिल्याच भागात फजिती होते. टोकियोच्या सान्या भागात, रोजंदारीवरच्या मजुरांच्या वस्तीत, तो एका साध्या खाणावळीत शिरतो. परतलेलं डुकराचं मांस मागवतो, सोबत सूप मागवतो आणि दोन्ही समोर आल्यावर कळतं की सुपातही डुकराचंच मांस आहे. एकाच ताटात डुक्कर दोनदा. पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये तो दोरी ओढली की आपोआप गरम होणारा शुमाईचा (मांस भरलेल्या वाफवलेल्या मोदकांसारख्या पदार्थाचा) डबा उघडतो, वाफ भसाभस बाहेर येते आणि अख्खा डबा, म्हणजे रेल्वेचा डबा, त्या वासाने भरून जातो. कोट-टाय घातलेला हा गंभीर गृहस्थ तिथे मान खाली घालून खातोय, हे चित्र बघून मी दर वेळी हसते. कावासाकीत मांस भाजून खाताना तो घामाघूम होऊन स्वतःला औष्णिक वीजकेंद्र समजू लागतो, ते सुखाचे क्षणही आहेतच. पण ते सुख खरं वाटतं, कारण आधीचं जेवण फसलेलं असतं.

मालिकेत हे का जमत नाही, ते उघड आहे. तिथली खाण्याची दुकानं खरी आहेत. नाव दाखवायचं, खऱ्या गल्लीत चित्रीकरण करायचं आणि शेवटी कुसुमींनी स्वतः तिथे जाऊन चार घास खायचे (दारू न पिणाऱ्या गोरोच्या वाटची बिअरही बहुधा तेच पितात). अशा मालकाच्या घरात बसून "आमटी पांचट झालीय" कोण म्हणणार? भलेपणाने वागायचं तर खोटं नाही, पण निवडक बोलावं लागतं. चवीबाबत शंका असलेलं दुकान निवडायचंच नाही, की प्रश्न मिटला. आणि फजितीही मिटली.

२०२५मध्ये आलेल्या चित्रपटात, जो मात्सुशिगेंनीच दिग्दर्शित केला, गोरो एका हरवलेल्या सुपाच्या शोधात पॅरिसपासून कोरियापर्यंत भटकतो, मध्ये समुद्रात वादळातही सापडतो. मजा येते, नाही असं नाही. पण वादळ कशाला हवं होतं? या माणसाच्या आयुष्यात वादळ म्हणजे ऑर्डर चुकणं.

आता मालिकेत दिसलेल्या दुकानांपुढे रांगा लागतात. चाहते गोरो बसला ती खुर्ची शोधतात, त्याने मागवलं तेच मागवतात. दुकान चालवणाऱ्यांचं भलं होतंय, बरंच आहे. मंगातल्या गोरोला मात्र जेवताना कुणाचा व्यत्यय चालत नाही. ती रांग बघून तो घड्याळाकडे नजर टाकेल, पलीकडच्या बिनपाटीच्या दुकानात शिरेल आणि तिथे त्याला नक्की थंड नूडल्स मिळतील. तो भाग कुणी काढला तर मध्यरात्रीसुद्धा जागी राहीन.